चार तालुक्यांचं घर

बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण एरवी हिशेब, बँक, मसाले आणि शेळ्यांबद्दल बोलतो. आज एका देवळाबद्दल बोलणार आहोत. हे देऊळ आपल्या नांदेड-लातूरकडचं नाही. ते मुंबईत माझगावला आहे आणि चिनी माणसांनी बांधलेलं आहे. तुम्ही म्हणाल, चिन्यांच्या देवळाशी आपला काय संबंध? आम्हीही तेच म्हणत आत गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा आमच्या गटाचा एक अडलेला प्रश्न थोडा मोकळा झाला होता. म्हणून हे सांगावंसं वाटलं.

सुरुवात एका बरणीपासून झाली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात महालक्ष्मी सरसचं प्रदर्शन भरतं, तिथं आमचा स्टॉल होता. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड आणि लोणचं. विकायचं लोणचं प्लास्टिकच्या डब्यांत होतं, पण शोभेसाठी आम्ही घरची जुनी चिनी मातीची बरणी मांडली होती. एक वयस्कर मुंबईकर बाई लोणचं चाखता चाखता बरणीवरून हात फिरवून म्हणाल्या, "लोणचं तुमचं, पण बरणी चिन्यांची! माझगावला त्यांचं देऊळ आहे, शंभर वर्षं झाली. बघून जा." आमची परतीची गाडी रात्रीची होती. शेवटच्या दिवशी सामान बांधलं, दोघी सामानाजवळ बसल्या आणि आम्ही सहाजणी निघालो.

सीएसएमटीहून हार्बर लाइनच्या गाडीत बसलं की मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि मग डॉकयार्ड रोड. तिथं उतरून विचारत विचारत नवाब टँक रोडला गेलो. जवळच बंदर, गोदामं आणि माझगाव डॉक, जिथं आजही नौदलाची जहाजं बांधतात. आम्ही वर बघत चाललो होतो, कारण देऊळ शोधायचं तर आधी शिखर शोधायची आपली सवय. शिखर दिसेना, कळस दिसेना. दिसलं ते एक लालभडक घर. माडीचं, अरुंद आणि दारावर चिनी अक्षरं. आमच्यातल्या मावशी म्हणाल्या, "हे तर कुणाचं तरी राहतं घर आहे." मावशींनी न कळत बरोबर तेच सांगितलं होतं.

या देवळाचं नाव सी यप कून. चीनच्या दक्षिणेला ग्वांगडोंग प्रांत आहे. तिथल्या कँटनी बोलीत 'सी' म्हणजे चार आणि 'यप' म्हणजे तालुक्यासारखा मुलूख. तायशान, शिनहुई, कायपिंग आणि एनपिंग असे हे चार तालुके. 'कून' म्हणजे मंडळींनी एकत्र जमायचं, उतरायचं घर. तेव्हा या नावाचा अर्थ झाला चार तालुक्यांचं घर. आपल्याकडं लातूर, औसा, निलंगा आणि देगलूरच्या माणसांनी मिळून परमुलखात एक घर बांधावं आणि त्यात आपला देव बसवावा, तसं.

हे घर १९१९ साली उभं राहिलं. पण मुंबईचा आणि चीनचा संबंध त्याहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापासून मुंबईच्या बंदरातून कँटनला जहाजं जायची. जाताना कापूस न्यायची आणि माळव्यात पिकलेली अफू न्यायची. येताना चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी आणायची. पारशी बायकांच्या भरजरी गारा साड्यांवरचं नाजूक भरतकाम तिकडूनच आलं. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी स्वतः चीनच्या सफरी करून याच व्यापारात श्रीमंत झाले. जे. जे. रुग्णालय त्यांच्या दानातून उभं राहिलं. आपल्याकडची कितीतरी माणसं तिथं उपचार घेऊन आली आहेत. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या अफूनं चीनमधली लाखो घरं उद्ध्वस्त झाली. तिथल्या सरकारनं अफू अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा इंग्रजांनी १८३९ मध्ये युद्ध पुकारलं. ज्या घरात दारू शिरते त्या घराचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

या व्यापाराच्या वाटेनंच चिनी खलाशी आणि सुतार मुंबईत आले. जहाजावर काम, बंदरात मुक्काम. भाषा येत नाही, बायका-मुलं मागं राहिलेली, कुणी आजारी पडलं तर पाणी द्यायला कुणी नाही. चार तालुक्यांच्या मंडळींनी घर उभं केलं ते अशा माणसांसाठी. देव होते, आणि जहाजावरून उतरलेल्या माणसाला पाठ टेकायला जागाही होती. देऊळ, धर्मशाळा आणि मंडळाचं कार्यालय असं तिन्ही एकाच छपराखाली.

हे काही चिन्यांनीच केलं असं नाही. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. त्यांचं जेवण खानावळवाल्या बायका रांधायच्या. त्याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. परमुलखात माणूस पहिल्यांदा भाकरी शोधतो आणि मग आपल्या गावचा माणूस शोधतो. त्या दोन्ही गोष्टी मिळाल्या की तिथं देव बसवतो.

आता आत जाऊ. चपला काढल्या आणि उंबरठा ओलांडला. चिनी देवळातही उंबरठ्यावर पाय देत नाहीत, ओलांडूनच जायचं. आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. घरात लहानपणापासून तीच शिकवण. आत सगळीकडं लाल आणि सोनेरी रंग. लाल रंग त्यांच्याकडं शुभ, आपल्या कुंकवासारखा. दुखवट्याचा रंग पांढरा, तोही आपल्यासारखाच. लाल कंदील, उदबत्त्यांचा धूर, देवापुढं फळं. भिंतीवर लाकडी फलकांवर सोनेरी चिनी अक्षरं. आम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी हात आपोआप जोडले गेले.

खालच्या मजल्यावर क्वान यिन देवी आहे. करुणेची देवी. तिच्या नावाचा अर्थ जगाची हाक ऐकणारी. चेहरा शांत, नजर खाली वळलेली. आमच्यातली एक म्हणाली, "ही तर आपलीच वाटते." मैत्रिणींनो, ते खरंच आहे. बौद्ध धर्मात अवलोकितेश्वर नावाचे बोधिसत्त्व आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेलं जे जगप्रसिद्ध चित्र आहे, ते त्यांचंच रूप. भारतात त्यांची मूर्ती पुरुषाची. बौद्ध धर्माबरोबर ते चीनला गेले, आणि काही शतकांत चिनी लोकांनी त्यांना बाईच्या रूपात पाहायला सुरुवात केली. इसवी सन १००० नंतरच्या काळात ते रूप घट्ट होत गेलं. लेकराला जवळ घेणारी, बाळंतिणीचं रक्षण करणारी, बुडत्याला हात देणारी क्वान यिन माता. मराठवाड्यातला देव चीनला जाऊन आई झाला आणि खलाशांबरोबर पुन्हा महाराष्ट्रात आला!

छत्रपती संभाजीनगरजवळ विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. त्यातल्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वरांचं एक मोठं शिल्प आहे. मधे ते उभे आणि दोन्ही बाजूंना आठ संकटांत सापडलेली, त्यांना हाक मारणारी माणसं. कुणाला आगीनं घेरलं आहे, कुणाच्या अंगावर हत्ती किंवा सिंह धावून आला आहे, कुणी बेड्यांत आहे. आणि एका चौकटीत बुडणारं जहाज आहे. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरातल्या दगडात जहाज कोरलंय, कारण तेव्हाचे व्यापारी समुद्रावर जात होते आणि मागं राहिलेली घरं काळजी करत होती. माझगावच्या देवीपुढं उभं राहिल्यावर त्या जहाजाचा अर्थ आम्हाला नीट कळला.

मग लाकडी जिना चढून वर गेलो. जिना अरुंद, पदर सावरून चढावा लागतो. वर मुख्य देव क्वान कुंग. लाल चेहरा, लांब दाढी, योद्ध्याचा वेष. ही कल्पनेतली देवता नाही, होऊन गेलेला माणूस आहे. क्वान यू नावाचे सेनापती इसवी सन २२० च्या सुमारास लढाईत पकडले जाऊन मारले गेले. त्याच सुमारास आपल्याकडं पैठणच्या सातवाहनांचं राज्य संपत आलं होतं, म्हणजे काळाचा अंदाज येईल. चीनमध्ये तेव्हा तीन राज्यं एकमेकांशी लढत होती.

त्यांची गोष्ट चिनी घराघरांत सांगतात. तिघं परके भेटले. एक ल्यू बेई, घराणं मोठं पण गरिबी आलेली. आईबरोबर गवताच्या चपला आणि चटया विणून विकायचे. दुसरे चांग फेई, मांस आणि दारू विकणारे. तिसरे क्वान यू, गावगुंडाशी वैर घेऊन गाव सोडलेले. ना एका गावचे, ना एका रक्ताचे. तिघांनी पीचच्या बागेत शपथ घेतली की आजपासून आपण भाऊ, एकमेकांना सोडणार नाही. पुढं क्वान यू शत्रूच्या हाती सापडले. शत्रूनं मान दिला, धन दिलं. पण आपला भाऊ जिवंत आहे हे कळताच ते सगळं धन तिथंच ठेवून निघून गेले. कथेत रंग भरलेले असतील, पण माणसं त्यांना पुजतात ती या शब्द पाळण्यासाठी. हळूहळू लोकांनी त्यांना देव केलं. ताओ पंथात ते मोठं दैवत आहेत आणि बौद्ध देवळांतही त्यांना रक्षक म्हणून जागा आहे.

आणि एक गंमत. हातात शस्त्र असलेल्या या देवाला चिनी दुकानदार आणि व्यापारीही पुजतात. उधारी, भागीदारी, माल पाठवणं हे सगळं शब्दावर चालतं, म्हणून शब्द पाळणारा देव दुकानात हवा. हिशेबाची वही लिहायची रीत त्यांनीच घालून दिली अशी दंतकथाही सांगतात. आम्ही एकमेकींकडं पाहून हसलो. बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि नोंदी ही आपली पंचसूत्री आहे. त्यातली शेवटची दोन सूत्रं ज्याच्याकडं, तो देव समोर उभा होता.

देवापुढं बांबूच्या नळीत काड्या ठेवलेल्या असतात, त्यांवर आकडे असतात. मनात प्रश्न धरून नळी हलवायची आणि जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याचं उत्तर वाचायचं. म्हणजे कौलच की! आमच्यातल्या दोघी पुढं झाल्या. पण कौल लावायचा तर आधी प्रश्न ठरवावा लागतो, आणि आमचं प्रश्नावरच एकमत होईना. हा प्रश्न कोणता, ते पुढं सांगतो.

आधी ताओ म्हणजे काय ते थोडं. ताओ या शब्दाचा साधा अर्थ वाट. लाओझी नावाच्या ज्ञानी माणसाला या पंथाचा मूळ पुरुष मानतात. म्हातारपणी ते राज्याला कंटाळून बैलावर बसून निघाले, काही चित्रांत तो रेडा असतो. सीमेवरच्या नाकेदारानं अडवून विनंती केली की जाण्याआधी तुमचं ज्ञान लिहून द्या, तेव्हा त्यांनी छोटासा ग्रंथ लिहिला, अशी कथा आहे. ज्ञान आणि रेडा यांची जोडी आपल्याला काही नवी नाही! त्यांचं सांगणं असं की पाण्यासारखं वागावं. पाणी मऊ असतं, खाली वाहतं, पण त्याच्यापुढं दगडही झिजतो. सृष्टीत ऊन आणि सावली, कठीण आणि मऊ, पुरुष आणि बाई अशा जोड्या असतात, आणि एकीवाचून दुसरी पुरी होत नाही.

त्यांची मोठी देवळंही याच विचारानं बांधलेली असतात. चीनमधलं ताओ देऊळ बहुधा दक्षिणेकडं तोंड करून असतं, म्हणजे हिवाळ्यात ऊन आत येतं आणि उत्तरेचा गार वारा पाठीवर घेतला जातो. एका रेषेत एकामागं एक चौक आणि दालनं असतात. आपल्या वाड्यासारखी एका चौकातून दुसऱ्या चौकात जायची वाट. माझगावात जागा कुठून आणायची? म्हणून जे चीनमध्ये एकामागं एक असतं, ते इथं एकावर एक झालं. चौकांच्या जागी मजले आले. माणूस भाड्याच्या खोलीत संसार लावतो तसाच त्यांनी देवांचाही संसार लावला.

आपल्या आणि त्यांच्या बांधणीत एक मोठा फरक आहे. निलंग्याचं नीलकंठेश्वराचं देऊळ आठवा, किंवा देगलूर तालुक्यातलं होट्टलचं सिद्धेश्वराचं देऊळ. दोन्ही चालुक्यांच्या काळाच्या परंपरेतली. तिथं सगळा भार दगडाचा दगडावर. भिंतीवरच्या त्या सुरसुंदरी, ते कोरीव खांब, गाभाऱ्यातला अंधार आणि गारवा. बांधणाऱ्यानं ठरवलेलं होतं की हे इथंच, कायमचं राहणार. चिनी देऊळ मात्र मुळात लाकडाचं. खांब आणि तुळया यांचा सांगाडा, त्यावर एकात एक अडकवलेले लाकडी ठोकळे आणि त्या ठोकळ्यांवर जड कौलारू छप्पर, कडा वर वळलेल्या. हे ठोकळे सांध्यात बसवलेले असतात, खिळ्यांवर त्यांची भिस्त नसते. भिंत फक्त आडोशाला असते, ती भार घेत नाही. धरणीकंप झाला तर सांधे थोडे हलतात, करकरतात, धक्का जिरवतात. भिंती पडल्या तरी घर पडत नाही अशा अर्थाची म्हणच चिनी भाषेत आहे.

हे वाचून दाखवताना आवाज जरा अडखळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते लातूर आणि धाराशिवच्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्ही तेव्हा लहान होतो. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपेतच हजारो माणसं त्याखाली गेली. पण त्यातही अशी घरं होती, जिथं लाकडी खणांचा सांगाडा भक्कम होता. भिंती बाहेर ढासळल्या, पण खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि माळवद खाली आलं नाही. आपल्या सुतारांनाही ते शास्त्र ठाऊक होतं. पुढं लाकूड महाग झालं आणि भिंतीवरच भार टाकायची सवय लागली.

आमच्याबरोबरच्या मावशी त्या भूकंपातल्या. तेव्हा ५२ गावं पूर्णपणे दुसऱ्या जागी बसवली गेली, त्यातल्याच एका गावच्या. त्या म्हणाल्या, "नव्या गावात घरं सरकारनं दिली. पण मारुती बसवला तेव्हा कुठं गाव वाटायला लागलं." चीनमध्येही असं झालं आहे. तिथं यूंगल नावाचं ताओ पंथाचं प्रसिद्ध देऊळ होतं, सातशे वर्षांपूर्वीचं, भिंती चित्रांनी भरलेल्या. पिवळ्या नदीवरच्या धरणाच्या पाण्यात ते बुडणार होतं. १९५९ पासून काही वर्षं खपून माणसांनी भिंतीवरची चित्रं करवतीनं तुकड्यांत कापून काढली, लाकडी सांगाडा सोडवला आणि सगळं दुसऱ्या गावी नेऊन पुन्हा जोडलं. आपल्याकडं उजनीच्या पाण्यात पळसनाथाचं देऊळ तसंच राहिलं आणि पाणी आटलं की अजून वर दिसतं. देऊळ सोडून माणसं जातात, किंवा माणसांबरोबर देऊळ जातं. आणि कधी देऊळ राहतं आणि माणसंच निघून जातात.

माझगावला हे शेवटचं झालं. १९६२ साली भारत आणि चीन यांच्यात युद्ध झालं. इथं जन्मलेली, इथं वाढलेली चिनी वंशाची माणसं एका रात्रीत शत्रू ठरली. आसाम आणि बंगालकडून विशेषकरून, सुमारे ३००० माणसांना राजस्थानातल्या देवळी गावच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यात म्हातारी माणसं होती, लेकरं होती. खटला नाही, गुन्हा नाही. काहीजण तिथं वर्षानुवर्षं राहिले. मुंबईतल्या चिनी माणसांवरही नजर होती, बंधनं होती. धंदे बसले. शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास चिन्यांची वस्ती होती, ती विरत गेली. कुणी चीनला गेलं, कुणी कॅनडाला. जे राहिले त्यांनी दातांचे दवाखाने, ब्यूटी पार्लर आणि हॉटेलं चालवली. आज आपल्या जत्रेतही चिनी भेळ आणि नूडल्सच्या गाड्या लागतात, पण ज्यांच्या नावावर त्या विकल्या जातात, त्या माणसांनी इथं काय सोसलं याची आपल्याला गंधवार्ता नव्हती. देशाशी भांडण झालं म्हणून शेजारच्या घराशी भांडायचं नसतं, एवढं तरी यातून घ्यावं.

आता त्या लाल घरात जहाजावरून उतरून कुणी मुक्कामाला येत नाही. पण घर बंद पडलेलं नाही. एक चिनी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्याची देखभाल करत आलंय. दिवाबत्ती होते, रंग दिला जातो. आणि वर्षातून एकदा, चिनी नववर्षाला, दाराशी गर्दी होते. मुंबईभर विखुरलेली चिनी कुटुंबं त्या दिवशी येतात, उदबत्ती लावतात, एकमेकांची लेकरं बघतात. शेजारपाजारचे मराठी आणि इतर लोकही येतात.

आता आमचा प्रश्न सांगतो. आमच्या गावातल्या गटात बाराजणी. गेल्या काही वर्षांत त्यातल्या चौघी पुण्याकडं गेल्या, नवऱ्याबरोबर कामाला. त्या बैठकीला येत नाहीत, बचत मागंपुढं होते. त्यांची नावं कमी करायची का, यावर गटात दोन तट पडले होते. समन्वयक म्हणून आम्हाला नियम ठाऊक होता की बैठक नियमित हवी. पण नावं कमी केली तर आठजणी उरतात आणि गट मोडायलाच टेकतो. ज्या चौघींनी सुरुवातीला पन्नास-पन्नास रुपये घालून हा गट उभा केला, त्यांचीच नावं खोडायची हे कुणाच्याच हातून होत नव्हतं. आणि न खोडता तसंच रेटणंही हिशेबाला धरून नव्हतं. देवापुढं आमचं एकमत होईना ते यामुळं. एकीला विचारायचं होतं, गट टिकेल का? दुसरीला विचारायचं होतं, त्या परत येतील का?

परतीच्या गाडीत यावरच बोलणं चाललं. चार तालुक्यांच्या याच मंडळींनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नलाही असंच क्वान कुंगचं देऊळ बांधलं आहे, आजची इमारत १८६६ सालची. सोन्याच्या खाणीत मजुरीला गेलेली माणसं ती. तिथं घर सोडून दूर मेलेल्या हजारो माणसांच्या नावांच्या पाट्या ओळीनं लावून ठेवल्या आहेत. कुणाचं नाव पुसलं नाही. आम्ही हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "आपल्या तर जित्या हायेत. फोन लावला तर उचलतात." सगळ्याजणी गप्प झाल्या. गाडी कल्याण सोडून पुढं आली होती.

मग येळवशीचा विषय निघाला. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्याकडं सगळं गाव शेतात असतं. पुण्या-मुंबईची माणसं दिवाळीला नाही आली तरी येळवशीला येतात. चिनी नववर्षही अमावस्येलाच धरून असतं, बहुतेक वर्षी आपल्या येळवशीनंतरच्या पुढच्या अमावस्येच्या सुमारास. आणि आपण तरी त्या दिवशी काय करतो? कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतो, आत पाच पांडव मांडतो, लक्ष्मीची पूजा करतो, भज्जी, आंबील आणि बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवतो. हेही देऊळच की! दगड नाही, भिंत नाही, चार पेंढ्यांचा सांगाडा. ते राहत नाही, पण दरवर्षी माणसं त्याच जागी पुन्हा उभं करतात.

पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला. वाद झालाच. एक ताई म्हणाली, देवळाचं ठीक आहे, पण थकलेल्या हप्त्याचं काय? बरोबर आहे तिचं. देव शब्द पाळणारा असला तर माणसांनाही पाळावा लागतो. शेवटी असं ठरलं. चौघींची नावं ठेवायची. त्यांनी महिन्याची बचत फोनवरून खात्यात टाकायची, बैठकीच्या वेळी फोनवर हजेरी लावायची, आणि कर्जाचा हप्ता तीन महिने चुकला तर मात्र नाव कमी करायचं, त्यात दयामाया नाही. वर्षातून एकदा येळवशीच्या दुसऱ्या दिवशी बाराजणींनी समोरासमोर बसून वर्षाचा हिशेब वाचायचा. तिघींनी लगेच होकार दिला. चौथीचा फोन लागतोय, पण ती अजून नक्की काही बोललेली नाही. तिच्या नावापुढची रेघ आम्ही मोकळी ठेवली आहे.

मैत्रिणींनो, कधी मुंबईला गेलात तर हाजीअली, महालक्ष्मी, सिद्धिविनायक बघालच. वेळ मिळाला तर डॉकयार्ड रोडला उतरा. दार बंद असलं तर शेजारी विचारा आणि आत गेलात तर शांतपणे बघा, कारण ते कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांचं घर आहे. आणि मुंबई लांब वाटत असेल तर निलंग्याला किंवा होट्टलला जा. ते देऊळ कुणी बांधलं, कशासाठी बांधलं, आज त्याची काळजी कोण घेतं, एवढे तीन प्रश्न विचारून या. उत्तरं आपल्या पुढच्या कार्यक्रमात सांगा. आम्ही वाट बघतो.

नमस्कार.